भावकीतला मोठा

मोठं कसं व्हावं, हा मानवजातीपुढचा सनातन प्रश्न शिरूरच्या एका शाळेत, पानशेत फुटल्याच्या पुढच्या हिवाळ्यात, शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास कायमचा सुटला. त्या ऐतिहासिक क्षणी मी तिथे हजर होतो. म्हणजे बाकाखाली होतो. गुलाबी खडू घरंगळला होता, तो शोधत होतो. त्यामुळे प्रश्न सुटताना मला फक्त इलाही मास्तरांचे पाय दिसले. त्यातल्या एकाची चप्पल निघाली होती.

"वर या," मास्तर म्हणाले. घरात कुणी गेल्यासारखा आवाज.

"खडू..."

"खडू राहू द्या हो! इथे एकाने दुसऱ्याला गिळलंय."

मी चित्रकला शिकवायचो, इलाही मास्तर शास्त्र. शाळेत नवाकोरा सूक्ष्मदर्शक आला होता आणि मास्तर त्याच्यापुढे असे बसायचे, की जेवणाच्या सुट्टीत त्यांना दोन हाका माराव्या लागत. मास्तर मूळचे दौंडचे. वडील इंजिनावर ड्रायव्हर, घर रेल्वे कॉलनीत. दौंड स्टेशनात इंजिनांना पाणी पाजायचा जो नळखांब आहे, त्याच्या बुडाशी गळून गळून एक बारमाही डबकं झालं होतं. त्यातलं पाणी मुरंब्याच्या बरणीत भरून मास्तर एस्टीने शिरूरला घेऊन आले होते. वाटेत कंडक्टरने विचारलं होतं, "काय हाय मास्तर बरणीत?"

"पाणी."

"का? शिरूरला न्हाई व्हय पाणी?"

"यात प्राणी आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत."

"त्यांचं तिकीट काढलंय का?"

ते प्राणी मी भिंगाखाली पाहिले होते. नासपतीसारखे लांबट, फिकट गुलाबी, अंगभर बारीक लव. हात नाही, पाय नाही, डोळे नाहीत, डोकं नाही. अख्खं शरीर म्हणजे एकच पेशी. मास्तरांनी बरणीत चार गव्हाचे दाणे उकडून टाकले होते. दाण्यांवर जंतू वाढायचे, जंतूंवर ही गुलाबी मंडळी जगायची. कुणाची कुणाशी तक्रार नव्हती. मास्तर म्हणायचे, "बघा, किती सालस आहेत!"

आणि आता मी भिंगाला डोळा लावला, तर त्या सालस मंडळींच्या मधोमध एक दांडगा फिरत होता. बाकीच्यांच्या तिप्पट. रंगानेही गडद. आणि त्याच्या पोटात, काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा, त्यांच्यातलाच एक. गिळलेला. गोल गोल फिरत असलेला.

"हा दुसरा कुणी असेल," मी म्हणालो. "बाहेरून आलेला."

"बाहेरून कुठून येणार? बरणीला झाकण आहे." मास्तरांनी कपाळ पुसलं. "यांच्यातलाच आहे. परवापर्यंत एवढासाच होता. दाणे संपले, मी टाकायला विसरलो, आणि याने शेजारचा गिळला. गिळल्यावर वाढला. वाढल्यावर तोंड मोठं झालं. तोंड मोठं झालं म्हणून आणखी गिळले. मी बसल्या जागी तीन मोजले हो!"

मी पुन्हा डोळा लावला. ज्याला डोकंच नाही, त्याच्या डोक्यात हे आलं कुठून?

हा प्रसंग एवढ्यावरच मिटला असता. पण पुढच्या शनिवारी शाळेत शास्त्राचं प्रदर्शन होतं, आणि त्याच दिवशी शाळेची कमिटी बसून मास्तरांना नोकरीत कायम करायचं की नारळ द्यायचा, ते ठरवणार होती. मास्तर तीन वर्षं टेंपररी होते. आणि दौंडला लोको शेडमध्ये इनुसचाचा म्हणून फिटर होते, त्यांची मुलगी खुर्शिद. मास्तरांचं आणि तिचं जमण्यात कुणाचीच हरकत नव्हती, फक्त चाचांचं म्हणणं होतं, "शेडमधी टेंपरवारी माणसाच्या हातात आमी पाना बी देत न्हाई. मी पोरगी देऊ व्हय?"

त्यामुळे मास्तरांना प्रदर्शनात काहीतरी असं दाखवायचं होतं, की कमिटीने तोंडात बोट घालावं. दांडगा त्यांना अल्लानेच पाठवल्यासारखा वाटला.

कमिटीत सात जण होते. मत मात्र एकच असायचं आणि ते मारुतरावांकडे असायचं. मारुतराव शाळेचे चेअरमन, सोसायटीचे चेअरमन, आणि आणखी ज्याला ज्याला चेअर होती त्याचे चेअरमन. माणूस भरदार, मिशी भरदार, बोलणं मऊ. चार भावांत तिसरे. इनामगावच्या अंगाला, घोड नदीच्या काठी, चौघांची चार रानं होती. थोरल्याला दमा, म्हणून मारुतरावांनी त्याचं रान सांभाळायला घेतलं. धाकट्याला दौंडला रेल्वेत चिकटवलं, आणि तिकडे त्याच्या जिवाला घोर नको म्हणून इकडचं रान सांभाळायला घेतलं. दुसरा भाऊ वारला. त्याची बायको कस्तुराबाई. बाईमाणसाला कोर्टकचेरीचा ताप नको म्हणून तेही घेतलं. सांभाळता सांभाळता मधले बांध झिजले.

हे शिरूरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यावर कुणी बोलत नव्हतं. इलाही मास्तरांना ठाऊक नव्हतं. ते दौंडचे. दौंडला माणसं एकमेकांना गाडीच्या वेळा विचारतात, बांधाबद्दल विचारत नाहीत. हेडमास्तर खळदकर पुण्याचे. ते कुणालाच काही विचारत नसत.

शुक्रवारी मी मोठ्या पुठ्ठ्यावर दांडग्याचं चित्र काढलं आणि वर मास्तरांनी दिलेला मथळा लिहिला: 'एकपेशीय प्राण्यांतील स्वजातिभक्षण'. खळदकर सर पाहायला आले आणि दारातच थबकले.

"इलाही, यात जात आहे."

"सर, जात म्हणजे इथे प्रकार. शास्त्रात तसंच म्हणतात."

"शास्त्रात म्हणत असतील, शिरूरात म्हणू नका. पहिल्या रांगेत सात जण बसणार. त्यातला कुणीतरी विचारणारच, की जात कुणाची? आणि पुढे भक्षण लिहिलंय तुम्ही! पुसा."

"मग समान कुळातले, असं लिहू?"

"कूळ?" सरांनी भिंतीला हात टेकला. "कूळकायदा होऊन वर्षं किती झाली? अजून मामलेदाराच्या ओट्यावर माणसं बसलीत. कूळ लिहिलंत तर खालपर्यंत वाचणारसुद्धा नाही कुणी, आधी उठून मारामाऱ्या होतील."

"बंधुभक्षण?"

"सकाळी प्रार्थनेत आपण काय म्हणतो? जगाला प्रेम अर्पावे! आणि प्रदर्शनात बंधू खायचे? अहो, साधा शब्द काढा. घरगुती. ज्याने कुणाच्या पोटात दुखणार नाही असा." सर डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "भावकी! हे लोक सारखं म्हणत असतात बघा. आमच्या भावकीतला, तुमच्या भावकीतला. किती आपुलकीचा शब्द! लिहा: 'भावकीतला मोठा कसा होतो?' आणि बोलतानाही हाच शब्द वापरा, इलाही. संस्कृत नको."

मी लिहिलं. त्या वेळी मला काही खटकलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे.

चित्राबद्दल मात्र माझा खरंच दोष नाही. या प्राण्याच्या तोंडाशी राठ केसांची एक रांग असते, तिने तो भक्ष्य आत ओढतो. ती मी दाखवली. पुठ्ठा मोठा असल्यामुळे रांगही मोठी आली. दोन्ही टोकांना जरा वळली. काळा खडू होता.

शनिवारी बाजारचा दिवस, त्यामुळे गर्दी झाली. कमिटी पहिल्या रांगेत बसली, मधोमध मारुतराव. मागे गावकरी, कडेला बाया. मास्तर इस्त्रीचा कोट घालून उभे राहिले आणि मी पुठ्ठ्यावरचं फडकं काढलं.

पहिल्या रांगेतल्या सहा जणांनी चित्र पाहिलं, मथळा वाचला आणि एकदम आपापल्या पायांतल्या वहाणांकडे बघायला लागले.

"मंडळी," मास्तर म्हणाले, "आपण समजतो, मोठा हा जन्मतःच मोठा असतो. तसं नाही. हा जो मोठा दिसतोय, तो सुरुवातीला चारचौघांसारखाच होता. सगळी भावकी एका बरणीत सुखाने राहत होती. मग दाणे कमी पडले. तेव्हा याने काय केलं? भावकीतला एक गिळला!"

मागे कुणाच्या तरी हातून पितळी डबा पडला. तो घरंगळत कुठवर गेला, ते सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"एक गिळल्यावर हा वाढला. वाढल्यावर दुसरा गिळायला सोपा गेला. मग तिसरा. आणि आश्चर्य म्हणजे," मास्तर रंगात आले होते, "उरलेले भावकीवाले पळून जात नाहीत! त्याच्या अवतीभोवतीच फिरत राहतात. त्यांना काही कळतच नाही."

"कळतं हो," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

खळदकर सरांना शब्दाचा अर्थ तेव्हा, त्या जागी, एकदम समजला. ते पांढरे पडले. खुर्चीवरून उठून पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "एक खुलासा. हे सर्व प्राणी दौंडचे आहेत. शिरूरचे नव्हेत. आपल्याकडे असे प्रकार होत नाहीत."

सभेत जरा श्वास सुटला. पण इलाही मास्तर शास्त्राचे शिक्षक होते. "नाही सर," ते नम्रपणे म्हणाले, "घोडच्या पाण्यातही आहेत. मी इनामगावच्या डोहाचं पाणी तपासलंय."

सर होते तिथेच जमिनीवर बसले.

मारुतराव हलले नव्हते. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. त्यांच्या त्या मऊ गप्प बसण्याला शिरूरात फार घाबरत. मी मनातल्या मनात मास्तरांची ट्रंक दौंडच्या एस्टीच्या टपावर चढवलीसुद्धा.

तेवढ्यात बायांतून कस्तुराबाई उठल्या. डोईवरचा पदर सारखा करत सरळ टेबलापाशी आल्या. "मास्तर, मला दावा."

मास्तरांनी त्यांना स्टुलावर बसवलं, आरसा उजेडाकडे फिरवला, एक डोळा मिटायला शिकवलं.

"दिसलं का मावशी?"

"काय तरी गुलाबी गुलाबी हाय. बारकी बारकी..." आणि त्या जोरात मागे सरकल्या. "अगं बया! त्येच्या पोटातलं हलतंय की अजून! जित्तं हाय त्ये!"

सगळ्या बाया उभ्या राहिल्या. कमिटीतल्या एकाने रामराम म्हटलं. कस्तुराबाईंनी पुन्हा डोळा लावला, आणि तसंच बघत विचारलं, "भाईर येतं का कवा?"

मास्तरांनी बोटांवर दिवस मोजले. "आठवडा झाला मी बघतोय. एकदाच आलं."

"आलं?"

"एकदा. त्याने एकाला बाहेर टाकलं. थोडा वेळ पडून राहिला, मग पोहत गेला."

कस्तुराबाई उठल्या. मारुतरावांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. गेल्या सात वर्षांत त्या दिराच्या समोर उभ्या राहिल्या नव्हत्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "या. बघा."

नाही म्हणायची सोय उरली नव्हती. मारुतराव उठले, फेटा काढून टेबलावर ठेवला, स्टुलावर बसले आणि डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. इतका, की मागच्यांना वाटलं, ह्यांना काही झालं की काय.

"बेस हाय गडी," ते अखेर म्हणाले.

पहिल्या रांगेने वहाणांवरून नजर उचलली.

"मास्तर, तुम्ही गिळला, गिळला म्हन्ता. ऐकाया बरं दिसत न्हाई. दानं सरलं, बारकी उपाशी मरायची. ह्यानं त्यास्नी पोटात घेतलं. मोठ्यानं लहानास्नी पोटात घ्यायचं, ही तर आपली रीतच हाय. त्यात धक्का बसन्यासारखं काय हाय?" त्यांनी सभेकडे मऊ नजरेने पाहिलं. पहिल्या रांगेतले सहाजण मान डोलावू लागले. खळदकर सर जमिनीवरून अर्धे उठले.

मारुतराव पुन्हा भिंगात बघायला लागले. "आन् आता फुडं? अजून किती वाढायचा ह्यो?"

इथे मास्तरांना गप्प बसता आलं असतं. सर त्यांना हाताने 'खूप, खूप' अशी खूण करत होते. मी कोट ओढला. नुसतं "पुष्कळ वाढतो" म्हटलं, तरी संध्याकाळच्या एस्टीने खुर्शिदच्या घरी पेढे गेले असते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, ओठ ओले केले.

"वाढत नाही," ते म्हणाले. "गिळायला कुणी उरलं नाही, की थांबतो. दोन-चार दिवस एकटाच फिरतो. मग मधोमध चेपायला लागतो. चेपत चेपत त्याचे दोन होतात. त्या दोनांचे चार. शेवटी सगळे पुन्हा पहिल्याएवढेच."

मारुतरावांनी डोळा काढला. "म्हंजी?"

"म्हणजे विभाजन होतं."

"वाटप?"

"...तसंच म्हणायचं तर, हो."

"सारखं?"

"साधारण सारखं."

मारुतरावांचा रंग गेला. मी पुढे पुष्कळ चित्रं काढली, पण असा जाणारा रंग मला कधी साधला नाही. "दावा कुनी लावला?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कुणीच नाही. आपोआप होतं."

"आपोआप? वकील न्हाई? मोजनी न्हाई? तलाठी न्हाई?"

"काही नाही."

"एवढा वाढलेला गडी... आन् आपोआप?" त्यांनी टेबलाची कड धरली. "ह्ये काय वंगाळ दावताय मास्तर तुम्ही! लोकास्नी काय वाटंल!"

कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. मारुतरावांनी तो तोंडाशी नेला, आत बघितलं, आणि न पिता खाली ठेवला. मग फेटा न घालता काखेतच मारून कमिटीला घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि दार लागलं.

आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. सर म्हणाले, "इलाही, तुम्ही हुशार आहात. तुम्हाला दुसरीकडे कुठेही मिळेल." मास्तर कोटाचं वरचं बटण काढत होते, घालत होते. मी विचारलं, "खोटं बोलायला काय झालं होतं हो?" तर म्हणाले, "बोलणार होतो. पण ती बाई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती."

आणि मारुतराव उठताच ती पुन्हा भिंगाला डोळा लावून बसली होती. गर्दी पांगली, बाजार मोडत आला, तरी कस्तुराबाई स्टुलावरून उठल्या नव्हत्या. शेवटी उठल्या, मास्तरांपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "एकदा आलं न्हवं भाईर? तुमी सोताच्या डोळ्यांनी बघितलं?"

"स्वतःच्या डोळ्यांनी, मावशी."

"मग झालं तर." आणि पिशवी उचलून, कोर्टाच्या बाजूचा रस्ता धरून चालू लागल्या.

पाऊण तासाने दार उघडलं. सहा जण आमच्याकडे न बघता निघून गेले. मागून मारुतराव आले. फेटा पुन्हा जागेवर होता, आवाज पुन्हा मऊ.

"मास्तर, इकडं या."

मास्तर गेले. मी दोन पावलं मागे, चित्र आवरायचं निमित्त करून.

"तुम्हास्नी कायम केलं," मारुतराव म्हणाले. "कागुद सोमवारी मिळंल."

मास्तरांचा आ वासला तो मिटेना. खळदकर सर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. माझ्या हातातून पुठ्ठा सुटला. तीन वर्षांचं टेंपररीपण, खुर्शिद, इनुसचाचांचा पाना, सगळं एका वाक्यात मिटलं होतं आणि का मिटलं, ते आम्हा तिघांपैकी एकालाही कळत नव्हतं. सर पुटपुटले, "माणूस बदलला हो. शास्त्राने माणूस बदलला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मारुतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना भिंतीकडे नेलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"फकस्त एक बारकी इनंती हाय, मास्तर. त्या मोठ्याला उपाशी ठिवू नका. रोजच्याला दोन-चार बारकी सोडत जावा त्येच्या फुडं."